संगणकाचा काटा कोणाच्या हाती?

ऊस पिकविणाऱ्या मुलखात शेतकऱ्याची नजर दोन ठिकाणी खिळलेली असते. एक आभाळाकडे आणि दुसरी कारखान्याच्या वजनकाट्याकडे. आभाळाशी भांडता येत नाही. काट्याशी मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या भांडत आला आहे. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच रूढ झालेला नाही. माल शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा; पण तो माल भरला किती, हे सांगणारे माप दुसऱ्याच्या ताब्यात, ही त्या भांडणाच्या मुळाशी असलेली गोष्ट. काटा साधा होता तेव्हा हा संशय होता, तो इलेक्ट्रॉनिक झाल्यावरही राहिला. बाहेरच्या काट्यावर वजन ताडून पाहण्याची मुभा असावी, काट्याची नोंद कारखान्याबाहेरच्या यंत्रणेलाही दिसावी, या मागण्या शेतकरी संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या त्या यामुळेच.

आज या मुलखात आणखी एक काटा येऊ घातला आहे. तो उसाची मोळी तोलत नाही. तो जमिनीची ओल तोलतो, पिकाचा रंग तोलतो, उसातील साखर तोलतो, आणि उद्या कदाचित शेतकऱ्याची पतही तोलील. हा काटा संगणकाचा आहे. त्याचे स्वागत करावे की धास्ती घ्यावी, असा प्रश्न विचारला जातो. परंतु तो प्रश्न अपुरा आहे. काट्याविषयी शेतकऱ्याने आजवर जे विचारले, तेच याही काट्याविषयी विचारले पाहिजे: हा काटा कोणाच्या हाती, आणि तो चुकला तर दाद कोणाकडे मागावयाची?

नीरेच्या काठचा जुना धडा

इंदापूर तालुक्यातील निरवांगी हे नीरा नदीच्या काठचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्याचे अर्थकारण घडविले ते नीरा डाव्या कालव्याने. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर हा कालवा आकारास आला आणि १८८५ च्या सुमारास पूर्ण झाला. पण पाणी आले म्हणून लागलीच सुबत्ता आली नाही. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसे. पाऊस हुकला की सर्वांनाच ते एकदम हवे असे. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत सुरू केली. पाणी वाटेल तसे विखरून न देता ठरावीक तुकड्यांना, पिकांच्या फेरपालटाची अट घालून आणि दीर्घ मुदतीच्या हमीने द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. प्रारंभी लोकांना तिची शंका आली, विरोधही झाला. तथापि त्या पद्धतीत एक मोठा गुण होता. पाणी कोणत्या तुकड्याला, कोणत्या पिकाला आणि किती वर्षे मिळणार, हे शेतकऱ्याला आधी ठाऊक असे. माप नवे होते, पण त्याचा नियम उघड होता.

दुसरा धडा सहकाराने दिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्या प्रयोगामागचा विचार साधा होता. ऊस ज्याचा, कारखाना त्याचा. आणि कारखाना त्याचा, म्हणून काटाही त्याचा. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे याच विचाराची धुराडी उभी राहिली. सभासदाची मालकी कागदावर राहिली आणि सत्ता मोजक्या घराण्यांकडे गेली, ही या चळवळीची शोकांतिका खरीच. तरीही मूळ तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. मापाची मालकी हा केवळ तंत्राचा प्रश्न नसून सत्तेचा प्रश्न आहे, हे या भागातील अशिक्षित शेतकऱ्यालाही सहकाराने शिकविले.

नव्या काट्याचा विचार या दोन धड्यांच्या उजेडात करावयास हवा.

बारामतीचा प्रयोग

बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही १९७१ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट ही कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. शेतात जमिनीची ओल, तापमान, क्षारता आणि अन्नद्रव्ये मोजणारे सेन्सर, हवामानाची नोंद घेणारे केंद्र, आणि वरून उपग्रहाची चित्रे, अशी या प्रयोगाची मांडणी आहे. ही सर्व माहिती दूरवरच्या संगणकाकडे जाते आणि पाणी केव्हा व किती द्यावे, खत कोणते घालावे, रोग कोठे डोकावत आहे, याचा सल्ला मराठीतून शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. पहिल्या टप्प्यात सुमारे एक हजार शेतकरी घेण्याचे ठरले. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नाडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर गौरव केला, तेव्हा बारामतीचे नाव जगभर गेले. त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२५ ते २०२९ या कालावधीचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली.

या प्रयोगाची उपयुक्तता नाकारण्यात शहाणपण नाही. उसाला मोकाट पाणी पाजण्याची सवय आणि रासायनिक खतांचा बेसुमार मारा यांनी या पट्ट्यातील जमिनी क्षारपड होत आल्या आहेत. कालव्याच्या वरच्या भागात पाणी साचते आणि इंदापूरकडच्या टोकाला ते वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार जुनी आहे. एका शेतातले पाणी वाचले आणि ते खरोखर खालच्या शेताला मिळाले, तर तो लाभ साऱ्या तालुक्याचा होईल. संगणकाने हे घडवून आणले तर त्याचे श्रेय त्याला मोकळ्या मनाने द्यावे.

संगणकाला विरोध करण्याचा एक काळ महाराष्ट्रानेही पाहिला आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात आणि पुढे बँकांत यंत्रे येऊ लागली, तेव्हा कारकुनांच्या संघटनांनी संघर्ष केला. १९८३ मध्ये बँक कर्मचारी आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. त्या वेळचा प्रश्न पोटाचा होता. नोकऱ्या जातील, ही भीती होती. आज त्या भीतीकडे हसून पाहण्याची पद्धत पडली आहे. परंतु त्या संघटनांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. यंत्र आणावयाचे की नाही याइतकाच ते कोणत्या अटींवर आणावयाचे हा प्रश्न महत्त्वाचा असतो, आणि अटी ठरविताना ज्यांच्यावर यंत्राचा परिणाम व्हावयाचा त्यांना टेबलाशी बसण्याचा अधिकार असतो. कारकुनांची संघटना होती म्हणून करार झाला. निरवांगीच्या शेतकऱ्याच्या वतीने संगणकाशी करार कोणी केला आहे?

‘संगणक घेत नाही’

गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत एक नवे वाक्य जन्माला आले आहे: ‘संगणक घेत नाही.’ पूर्वी कारकून म्हणे, ‘साहेब नाहीत.’ त्या उत्तरात टोलवाटोलवी असे. पण साहेब नावाचा एक मनुष्य कोठेतरी असे आणि तो उद्या भेटेल अशी आशाही असे. ‘संगणक घेत नाही’ या उत्तरात मनुष्यच नाहीसा झाला आहे. अर्जदार हताश होतो आणि कारकूनही तितकाच हताश असतो. किंबहुना त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची असहायता बसलेली असते. शाळेतल्या शिक्षकाला हा अनुभव नवा नाही. विद्यार्थ्याच्या नावातील एक अक्षर आधार कार्डावर निराळे पडले, की तो डोळ्यांसमोर बाकावर बसलेला मुलगा संगणकाच्या पटावर नसतो.

शेतीच्या क्षेत्रात या वाक्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. सातबारा हे मराठी शेतकऱ्याच्या अस्तित्वाचे प्रमाणपत्र. त्यातील गाव नमुना सात हक्क सांगतो आणि नमुना बारा पीक सांगतो. पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. ती घरबसल्या होते, ही तक्रार शेतकऱ्यांची असे आणि ती बरीचशी खरी होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि नोंद करावयाची. तत्त्व उत्तम आहे. आपल्या पिकाचे माप शेतकऱ्याने स्वतः घ्यावे, यापेक्षा लोकशाहीचे दुसरे काय असू शकते? पण ज्याच्याकडे तसा मोबाइल नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, ज्याची दृष्टी अधू आहे, त्याचे काय? पुढे मदतीसाठी सहायक नेमण्यात आले हे योग्यच झाले. तथापि मुदतीत नोंद झाली नाही की उभे पीक कागदावर नसते. आणि कागदावर नसलेले पीक गारपिटीने झोपले तर त्याची भरपाई मागणे अवघड होऊन बसते. नोंद करणे हा हक्क होता. तो न कळत जबाबदारी झाला, आणि चुकीचा भार तलाठ्याच्या खांद्यावरून शेतकऱ्याच्या खांद्यावर आला.

२०१७ च्या कर्जमाफीने हा धडा साऱ्या राज्याला दिला होता. त्या वर्षी जूनमध्ये ३४,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली आणि तिचा लाभ ८९ लाख शेतकऱ्यांना होईल असे सांगण्यात आले. अर्ज संगणकावरूनच भरावयाचे ठरले. केंद्रांवर रांगा लागल्या, पती-पत्नींनी अंगठे दिले. दिवाळीच्या तोंडावर समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली. आणि मग बँकांची माहिती व अर्जांतील माहिती यांचा मेळ बसत नसल्याचे उघड झाले, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. बोगस लाभार्थी वगळावेत हा हेतू गैर नव्हता. पण विसंगती आढळली की ती शेतकऱ्याची लबाडी समजावयाची की यंत्रणेचा घोळ, हे ठरविणारा कोणी नव्हता आणि प्रतीक्षा मात्र शेतकऱ्याच्या वाट्याला आली.

संगणकाने लबाडी संपते, हाही एक भाबडा समज आहे. शिक्षकांचे पगार ‘शालार्थ’ या संगणकीय प्रणालीतून होतात. त्याच प्रणालीत बनावट नावे घुसवून वेतन उचलल्याचे प्रकरण २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीस आले. संगणक सांगितलेले ऐकतो. सांगणारा कोण, हे तो विचारीत नाही. पूर्वी खोटी नोंद करणाऱ्याचे अक्षर तरी ओळखू येत असे.

हे मागासलेल्या देशाचे दुखणे आहे, असे कोणास वाटत असल्यास त्याने इंग्लंडकडे पाहावे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकीय प्रणाली आणली. तिच्यातील दोषामुळे गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात खोटी तूट दिसू लागली. संगणक चुकत नाही, असे गृहीत धरून खटले भरले गेले. ९०० हून अधिक निरपराध माणसे चोर ठरली. कित्येक तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. त्यांच्या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करावा लागला. हॉलंडमध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात हजारो कुटुंबांना असेच लबाड ठरविले गेले. संशयित निवडण्याच्या कामी तेथेही यंत्राचा हात होता, आणि त्या प्रकरणी जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. सधन आणि सुशिक्षित देशांत जे घडले ते येथे घडणार नाही, असे मानण्यास कोणताही आधार नाही. फरक इतकाच, की तेथे पोस्टमास्तरांना वकील मिळाले.

माहिती हेही पीकच

चुकणाऱ्या यंत्राचा धोका उघड दिसतो. अचूक यंत्राचा धोका मात्र चटकन ध्यानात येत नाही. आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच अधिक खोल आहे.

सेन्सर बसविलेल्या शेतातून आता दोन पिके निघतात. एक उसाचे आणि दुसरे माहितीचे. पहिले पीक काट्यावर जाते आणि त्याचा दर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरविला. दुसऱ्या पिकाला मात्र दरच नाही. ते शेतातून रोज निघते आणि निमूटपणे दूर जाते. एका शेताची माहिती क्षुल्लक असते हे खरे. पण हजारो शेतांची माहिती एकत्र आली, की यंदा या खोऱ्यात ऊस किती येणार, कोणत्या जमिनीला कोणते खत कमी आहे, कोणाचे पीक धोक्यात आहे, हे ज्याच्याजवळ ती माहिती आहे त्याला इतरांच्या आधी कळते. बाजारात इतरांच्या आधी कळणे याचेच नाव भांडवल. खत विकणाऱ्याला ते कळले तर तो भाव लावील, सावकाराला कळले तर तो व्याज लावील, विमा उतरविणाऱ्याला कळले तर तो हप्ता लावील. बारामतीचा प्रयोग हे करतो आहे असा याचा अर्थ नव्हे. पण असे होऊ नये यासाठी केवळ चालकांच्या सद्‌भावनेवर विसंबणे हे व्यवहाराचे शहाणपण नाही. वजनकाट्याच्या बाबतीत कोणताही शेतकरी तसे विसंबत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न सहकाराच्या गाभ्याशी भिडतो. आज उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. चांगल्या काळ्या जमिनीतला ऊस आणि टोकाकडच्या मध्यम जमिनीतला ऊस एकाच गव्हाणीत पडतो आणि एकाच भावाने मोजला जातो. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवरून ठरावा, असा संकेत आहे. त्यात वशिला चालतो हे सर्वज्ञात आहे, तरीही संकेत आहे म्हणून वशिल्याला वशिला म्हणता येते. आता उपग्रहाच्या चित्रांवरून कोणत्या फडात साखर भरली आहे याचा अंदाज बांधता येऊ लागला आहे. मग पक्व ऊस आधी तोडावा, हे कारखान्याच्या दृष्टीने बिनतोड ठरते. उतारा वाढतो, म्हणजे दरही वाढतो. त्यापुढची पायरी अशी, की ज्याच्या उसात साखर अधिक त्याला दर अधिक. प्रत्येकाला त्याच्या गुणाप्रमाणे, हे तत्त्व ऐकावयास न्याय्य वाटते. पण गुण शेतकऱ्याचा किती आणि जमिनीचा, पाण्याचा, सेन्सर विकत घेण्याच्या ऐपतीचा किती?

सहकार आणि विमा या दोन्ही संस्था एका सामायिक अज्ञानावर उभ्या असतात. उद्या गारपीट कोणाच्या रानात होईल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून सारे मिळून हप्ता भरतात. कोणाचा ऊस किती गोड हे नेमके मोजता येत नाही, म्हणून सारे सरासरीवर राजी होतात. संगणक हे अज्ञान दूर करतो. ज्ञान वाढणे चांगलेच. परंतु ज्या दिवशी प्रत्येकाची जोखीम वेगळी मोजली जाईल, त्या दिवशी सबळ माणूस विचारील, की दुबळ्याचा भार मी का वाहू? आजवर एकमेकांना सांभाळणे हे अंशतः अपरिहार्य होते. यापुढे ते निवडावे लागेल. नव्या यंत्राने उभा केलेला खरा नैतिक प्रश्न हा आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही संगणकात सापडणार नाही.

उतारा नसलेली माणसे

संगणकाला जे दिसते त्याचाच तो हिशेब करतो. शेतीत त्याला प्रथम दिसतो तो सातबारा. शेतकरी ओळख क्रमांकाची जी योजना राज्यात २०२५ पासून अनेक लाभांसाठी आवश्यक करण्यात आली, तीही जमिनीच्या उताऱ्याशीच जोडलेली आहे. पण इंदापूर तालुक्यात असो वा अन्यत्र, राबणारे सारे हात उताऱ्यावर नसतात. तोंडी कराराने रान कसणारा वाटेकरी उताऱ्यावर नसतो. नवरा पुण्याला नोकरीस असताना शेत सांभाळणारी बाई बहुधा उताऱ्यावर नसते. दिवाळीनंतर बीडकडून येऊन पालात राहणारे ऊसतोड कामगार तर या मुलखाच्या कोणत्याच कागदावर नसतात. उसाच्या प्रत्येक टनाची नोंद संगणकात आहे. तो टन डोक्यावरून वाहून गाडीत चढविणाऱ्या बाईची नोंद मुकादमाच्या वहीत जोडीचा अर्धा भाग म्हणून आहे. उद्या यंत्र सांगेल, की अमुक फड अमुक दिवशी तोडा. टोळीने त्या दिवशी कोठून कोठे जावे आणि तिच्या पोरांनी शाळा कोठे शोधावी, हे त्याच्या गणितात नसेल.

ही उणीव यंत्राची नव्हे. ज्यांनी त्याला गणित घातले त्यांनी ही माणसे उदाहरणात धरली नाहीत, इतकेच. पण एकदा ती संगणकाबाहेर राहिली, की ती धोरणाच्याही बाहेर राहतात. आणि मग त्यांची अनुपस्थिती हाच त्यांच्या गरजा नसल्याचा पुरावा ठरतो.

उत्तर देणारा माणूस हवा

कायद्याने काही पावले टाकली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. पण अनुदान आणि लाभ देण्यासाठी शासनाला नव्या संमतीवाचून माहिती वापरता येईल, अशी सवलतही त्यात आहे. शिवाय शेतातील ओल आणि उसातील साखर ही शेतकऱ्याची व्यक्तिगत माहिती की केवळ जमिनीची, याचे स्पष्ट उत्तर त्या कायद्यात शोधूनही मिळत नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनी केवळ यंत्राने दिलेल्या महत्त्वाच्या निर्णयाला हरकत घेण्याचा आणि माणसाकडून फेरविचार मागण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. भारतीय कायद्यात तसा हक्क नाही.

तो मिळेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. सातबाऱ्यावरील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार ते तहसीलदाराला देते. कारकुनाचा हात चुकू शकतो, हे १९६६ च्या कायद्याने मान्य केले आहे. संगणकाचा हातही चुकू शकतो, हे मान्य करण्यात कोणाचा कमीपणा आहे? राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवा नाकारताना कारण लेखी देण्याचे बंधन घातले आहे. ‘संगणक घेत नाही’ हे कारण नव्हे, ते कारणाचा अभाव आहे, असे प्रत्येक कचेरीत गृहीत धरले जावे. नकारावर एका माणसाचे नाव आणि सही असावी, आणि दाद तालुक्याच्या ठिकाणीच मागता यावी. जेथे संगणकाची वाट आहे तेथे कागदाची जुनी वाटही काही काळ उघडी ठेवावी. नवा पूल झाला म्हणून पहिल्याच दिवशी कोणी नाव फोडीत नाही.

माहितीच्या पिकाबाबत सहकारी कारखान्यांवर विशेष जबाबदारी येते. सभासदांच्या शेतांतील माहिती कोणाला, कशासाठी आणि किती मुदतीसाठी दिली, याचा करार मराठीत वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा. या माहितीचे विश्वस्त सभासदच असावेत. तोडणीचा क्रम किंवा दराची पद्धत यंत्राच्या सल्ल्याने बदलावयाची असेल, तर तो बदल सभेत मतास टाकावा. सभेत गोंधळ होईल, वेळ जाईल. पण विश्वेश्वरय्यांच्या ब्लॉक पद्धतीपासून आजपर्यंत या भागात जे टिकले, ते नियम उघड होता म्हणूनच टिकले. वाटेकरी, शेतकरी स्त्रिया आणि ऊसतोड कामगार यांची नोंद सातबाऱ्यावाचूनही व्हावी, हे पाहणे शासनाचे काम आहे.

आणि या साऱ्यात सुशिक्षितांचे काम काय? प्रत्येक गावात आज एक शिक्षक, एक कारकून आणि दोन-चार महाविद्यालयीन विद्यार्थी असे आहेत, ज्यांच्या मदतीने बाकीचे गाव संगणकाशी बोलते. अर्ज ते भरतात, छायाचित्र ते चढवितात, आलेला संदेश ते वाचून दाखवितात. एकेकाळी पत्र वाचून दाखविणाऱ्यावर गावाचा जो विश्वास असे, तो आज त्यांच्यावर आहे. बटण दाबण्यापूर्वी ‘ही माहिती कोठे जाते?’ आणि नकार आल्यावर ‘का?’ हे दोन प्रश्न त्यांनी गावाच्या वतीने विचारले पाहिजेत. या प्रश्नांना इंजिनिअर असावे लागत नाही. निरवांगीचा शेतकरी काट्यावर गाडी चढविताना हेच विचारीत आला आहे.

काटा अचूक असावा, ही त्याची मागणी होतीच. पण तो अचूक आहे किंवा नाही हे स्वतः पाहता यावे आणि चुकला तर समोरच्या माणसाला जाब विचारता यावा, ही त्याची मागणी त्याहून जुनी आणि त्याहून मोठी आहे. संगणक मोजील, सल्ला देईल, प्रसंगी माणसापेक्षा बरा देईल. जाब देणे मात्र त्याला जमणार नाही. ते काम माणसाचे आहे, आणि ते माणसाने टाळू नये.